डावं पास्कलचं, उजवं माझं

संपादकांनी फोनवर बजावलं, "इब्राहिमभाई, विमानाच्या नोकरीवर लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका. चार गोष्टी आठवतील तशा लिहा." बरं झालं सांगितलं. जन्मापासून लिहायला बसलो असतो तर हा दिवाळी अंक शिमग्याला निघाला असता. चार गोष्टी मात्र जमणार नाहीत. एकच नीट सांगतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शाळा मी सोडली नाही, मास्तरांनी मला सोडलं. माझी बायको जुलेखा सातवी पास होती. मी काहीही लिहिलं की ती वाचायची, चुका काढायची आणि वर म्हणायची, "अक्षर कसला हा! ऑइलात पडलेला झुरळ कागदावरनं चालत गेल्यासारखा." रमजानच्या आधी ती गेली. त्यामुळे या लेखात ज्या चुका राहतील त्या राहतील. संपादक काढतीलही, पण तिच्यासारखं टोचून बोलणं काही त्यांना जमणार नाही.

तर मी बहरीनला विमानाच्या इंजिनांवर मेकॅनिक होतो. इंजिनिअर नव्हे. इंजिनिअर म्हणजे ज्याच्या सहीनं विमान उडतं. मेकॅनिक म्हणजे ज्याच्या नखांतला काळा रंग मुलीच्या लग्नाच्या फोटोतही दिसतो. आमच्या गावात मात्र मी कायम 'पायलट'च होतो. पहिली दोन-तीन वर्षं सुट्टीवर आलो की मी लोकांना समजावत बसायचो. नंतर सोडून दिलं. पायलटला मासळी ताजी मिळते.

आज कुठलंही दोन इंजिनांचं विमान समुद्र ओलांडतं आणि आतली माणसं ज्यूस पीत सिनेमा बघतात. नव्वदीच्या सुरुवातीला असं नव्हतं. लांब समुद्रावरून जायचं तर तीन नाहीतर चार इंजिनं लागतात, अशीच सगळ्यांची समजूत. एक गेलं तरी बाकीची असतात. मग आमच्या कंपनीनं दोन इंजिनांची नवी विमानं घेतली आणि ठरवलं की हिंदी महासागरावरून थेट मॉरिशसला जायचं.

ही बातमी मी बहरीनच्या हूरा भागातल्या आमच्या खोलीत सांगितली तेव्हा जुलेखा भाकऱ्या थापत होती.

"चार होती ती दोन कशाला केली?" तिनं विचारलं.

"दोनांत इंधन कमी जातं."

"मंग एकच करा की. अजून कमी जाईल."

ती पुढं म्हणाली, "आणि मधेच समुद्रावर एक बंद पडला तर?"

"दुसरं असतं ना. दुसऱ्यावर दोन तास उडून कुठल्यातरी धावपट्टीवर पोचायचं, एवढं अंतर ठेवूनच रस्ता आखतात. तिथं सेशेल्स आहे, अजून बेटं आहेत."

"दोन तास," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "दोन तासांत त्या बिचाऱ्या दुसऱ्यानं बंद पडायचं नाही."

एवढंच. आमच्या सगळ्या ट्रेनिंगचं सार तिनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं. दुसऱ्यानं बंद पडायचं नाही. आणि त्याहून चांगलं म्हणजे, पहिल्यानंच पडायचं नाही.

पण असं दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायची परवानगी मागून मिळत नाही, कमवावी लागते. इंजिनं बरेच महिने आजारी न पडता चालवून दाखवायची. म्हणून आमची विमानं जायची मुंबईला आणि कराचीला, पण आम्ही वागायचं असं की खाली नुसतं पाणीच पाणी आहे. रंगीत तालीमच म्हणा. मधे एखादं इंजिन हवेत बंद करायची वेळ आली तर तालीम पुन्हा पहिल्या अंकापासून.

तालमीत माझं काम ऑइलचं. विमानाचं इंजिन इंधन जाळतं ते वेगळं आणि ऑइल पितं ते वेगळं. ऑइल थोडं थोडं पिणारच, त्यात वाईट काही नाही. पण कुठल्या इंजिनाची सवय किती, ते दर खेपेला मोजायचं. घरातला माणूस रोज एक कप चहा घेतो आणि अचानक तीन मागायला लागतो, तर बाई विचारते ना काय होतंय म्हणून? तसं. आधी ही मोजणी चार दिवसांनी झाली तरी चालायची. आता विमान उतरलं की पहिला प्रश्न, किती प्यालं?

दुसरं काम मॅग्नेटिक प्लगचं. ऑइलच्या वाटेत एक बोटभर प्लग असतो, टोकाला लोहचुंबक. इंजिनाच्या पोटात काही झिजत असेल तर लोखंडाची बारीक कणी त्याला चिकटते. प्लग काढायचा, पांढऱ्या फडक्यावर पुसायचा, उजेडात बघायचं. मी तो बघायचो तसा जुलेखा सुरमईचे कल्ले बघायची. एक नजर आणि निकाल. मग प्लगवरची जुनी रबराची रिंग काढून टाकायची, नवी घालायची, प्लग परत बसवायचा. दहा मिनिटांचं काम. पण ती रिंग विसरली किंवा वाकडी बसली तर जमिनीवर कळतही नाही आणि वर गेल्यावर ऑइल गळायला लागतं. ऑइल संपत आलं की पायलटला इंजिन बंद करण्यावाचून इलाज नसतो. केवढं मोठं इंजिन आणि त्याचा जीव असा अंगठीएवढ्या रबरात.

यासाठी एक नवा नियम आला. एका माणसानं दोन्ही इंजिनांना हात लावायचा नाही. डाव्याचा माणूस वेगळा, उजव्याचा वेगळा. आम्ही हसलो. मी उजव्यावर बरा आणि डाव्यावर वाईट, असं काय असतं?

आमचा वरचा इंजिनिअर बहरीनी होता. मुलाच्या नावावरून सगळे त्याला बू जासिम म्हणायचे, म्हणजे जासिमचा बाप. आमच्याशी तो हिंदी आणि अरबीची खिचडी बोलायचा. आम्ही हसलो तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "मेरा दादा मोती निकालता था. नीचे जानेवाला अलग, ऊपर रस्सी पकडनेवाला अलग. दोनो एक आदमी कैसे होगा?" मग त्यानं बोट दाखवून समजावलं. माणूस चूक करतो तेव्हा त्याला ती चूक वाटतच नाही, म्हणून तो तीच चूक पलीकडेही करतो. दोन्ही इंजिनांना एकच हात लागला की विमानाला दोन इंजिनं उरत नाहीत. एकच इंजिन, दोन ठिकाणी लावलेलं.

तेव्हापासून डावं पास्कलचं आणि उजवं माझं.

पास्कल वसईचा. माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा गोरा, आणि काम करताना गाणारा. आवाज असा की बू जासिम म्हणायचा, इंजिन चालू करा म्हणजे हा ऐकू येणार नाही. राहायला बहरीनच्याच झिंज भागात, बायको सिसिल तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. आम्ही इतकी वर्षं बरोबर काम केलं होतं की पाना मागावा लागत नसे, हात मागं केला की त्यात पाना येई. सगळ्यात महत्त्वाचा होता तो शुक्रवार. बहरीनला सुट्टीचा वार शुक्रवार, त्यामुळे चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारी आणि आमची जुम्म्याची नमाजही शुक्रवारीच. विमानांना मात्र ना मिस्सा ना नमाज. म्हणून आमचा जुना रिवाज असा की सकाळी पास्कल मिस्सेला जायचा तेव्हा त्याचं काम मी करायचो आणि दुपारी मी नमाजेला गेलो की माझं तो करायचा. बू जासिमला ठाऊक होतं, तोही काही बोलत नसे. उलट एकदा म्हणाला, तुमच्या दोघांच्या दुआ माझ्या विमानाला मिळतात, मफी मुश्किल, म्हणजे काही अडचण नाही.

नियम आल्यावर आम्ही मान डोलावली. आणि शुक्रवारची कामं विमान येण्याच्या वेळेप्रमाणे पुढंमागं करून घेतली. जमत होतं. पण इतक्या वर्षांची सवय मान डोलावल्यानं जात नाही.

इकडं घरात वेगळंच चाललं होतं. जुलेखाची थोरली बहीण, आमिनाबुबू, मॉरिशसला दिलेली. तिच्या सासरचे लोक मूळचे आपल्याच कोकणातले, पण फार मागं गेलेले. लग्न होऊन गेली त्यानंतर जुलेखानं तिला पाहिलं नव्हतं. त्या काळी आखातात आणि असं परदेशात राहणारे लोक एकमेकांना कॅसेट पाठवायचे. टेप चालू करायचा आणि बोलत बसायचं. बुबूच्या कॅसेटी म्हणजे कहरच. मागं कोंबडा ओरडतोय, कुणीतरी तिकडच्या भाषेत भांडतंय आणि बुबू आपली सांदणाचं पीठ कसं आंबवायचं ते सांगतेय.

त्या वर्षी एक कॅसेट आली ती लहान होती. कोंबडा नव्हता. बुबू म्हणाली, "जुलू, डॉक्टर बोलला डोळे जातायत. काचबिंदू हाय. आता कडेचा काय दिसत नाय, मधलाच दिसतो. तो हाय तवर ये. मला तुझा तोंड बघायचाय. मंग काय, आवाज तर रोजच ऐकते."

जुलेखानं टेप बंद केला. माझ्याकडं बघून म्हणाली, "कधी सुरू होणार तुमचा तो विमान?"

दुसऱ्या कंपनीची तिकिटं काढून जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आमच्या कंपनीत नोकरदाराच्या बायकोला फुकट पास मिळायचा, पण विमान जाईल तिथंच. आणि विमान तिथं जाणार होतं परवानगी मिळाली तर. परवानगी मिळणार होती इंजिनं नीट राहिली तर. म्हणजे बुबूचे डोळे एका बाजूला आणि आमची रबराची रिंग दुसऱ्या बाजूला, अशी ती दोरी ताणलेली. जुलेखा रोज मी घरात पाय टाकला की पाणी द्यायच्या आधी विचारायची, "किती प्याला आज?" शेजारणीला वाटायचं मी दारू पितो.

तालीम संपत आली. परवानगी देणाऱ्यांचा एक इंग्रज तपासनीस येऊन राहिला होता. लांब, वाळलेला माणूस, पांढरी टोपी, उन्हात लाल झालेला. तो कुणालाच काही बोलत नसे, नुसता बघत असे. आम्ही शिंकलो तरी तो बघायचा. आणि नेमकं शुक्रवारी विमान वेळेआधी आलं. दुपारनंतर परत जायचं होतं. पास्कल मिस्सेहून आलेला, मी नमाजेला निघालेला. मी पास्कलला ओरडून सांगितलं, "उजव्याला मी आलो की हात लावतो." त्यानं हात वर केला. मला वाटलं समजला.

त्या दिवशी नमाजेआधीचा खुतबा लांबला. इमामसाहेब सब्रावर बोलत होते आणि माझा सब्र सुटत होता. घाईघाईनं परत आलो तो पास्कल विमानाखाली सावलीत बसून टरबूज खातोय. माझ्या उजव्या इंजिनाचं काऊल, म्हणजे झाकण, बंद. पास्कलनं मला टरबुजाची फोड पुढं केली.

"झालं तुझं. प्लग साफ होता, कणी नाही. रिंग नवी टाकली. तू फक्त सही कर नि चल."

मी फोड घेतली नाही. "उजव्याला तू हात लावलास?"

"मग? तू धावत येणार, घामानं निथळणार. म्हटलं आटपून टाकू."

"आणि डाव्याला कुणी?"

"मीच. अरे डावं माझंच ना."

मी म्हटलं, मी सही करणार नाही. पास्कलला आधी वाटलं मी थट्टा करतोय. तो हसला. मी हसलो नाही. मग त्याचं तोंड उतरलं.

"इब्रा, इतकी वर्षं शुक्रवारी कोण करतंय तुझं काम? तेव्हा सही करताना हात नाही आडवा आला?"

"तेव्हा नियम नव्हता."

"नियम! माझ्या हातावर विश्वास नाही असं सांग ना सरळ."

इथं मी जे बोललो ते माझ्या तोंडातनं सरळच निघालं. "नाही," मी म्हटलं. "दोन्हीकडं तुझाच हात असेल तर नाही."

पास्कलनं टरबुजाची साल जमिनीवर टाकली. एरवी तो कधी काही जमिनीवर टाकत नसे, विमानतळावर ते पाप. बू जासिम दुरून आला. काय झालं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं घड्याळाकडं बघितलं नाही, त्या लाल इंग्रजाकडं बघितलं. तो पंखाच्या टोकाशी उभा राहून सगळं बघत होता.

"खोलो," बू जासिम म्हणाला.

मी उजवं उघडलं. प्लग काढला. काय सांगू, असं काम मी स्वतः केलं नसतं. कणी नाही, रिंग चकचकीत, बरोबर बसलेली, बाजूला ऑइलचा एक थेंब नाही, आजूबाजूची जागासुद्धा फडक्यानं पुसलेली. मित्राचं काम म्हणून केलेलं.

पास्कल कमरेवर हात ठेवून उभा. "झालं समाधान?"

आता माझी पंचाईत. मी नवी रिंग घालून प्लग बसवला. विमान खोळंबलेलं, आत एअर कंडिशन सुरू नाही, वरून कप्तान खिडकीतनं डोकं काढून विचारतोय. माझं तोंड पडलं आणि पास्कलचं वर. मी फडक्याला हात पुसत होतो, तर बू जासिम शांतपणे म्हणाला, "अब लेफ्ट."

"लेफ्ट कशाला?" पास्कल म्हणाला. "उजवं आता ह्यानं केलं, डावं मी. झाला ना नियम पुरा? यल्ला, जाऊ दे विमान."

"लेफ्ट," बू जासिम म्हणाला. "इब्राहिम खोलेगा."

डावं उघडलं. प्लग फिरवला, तर तो जरा जास्तच घट्ट आला. बाहेर काढला आणि बघतो तो त्यावर दोन रिंगा. खाली जुनी, तिच्यावर नवी चढवलेली. जुनी काढायचीच राहिली होती. खोबणीत एकीचीच जागा, दुसरी दाबून दाबून कडेला फाटल्यासारखी झालेली. जमिनीवर इंजिन चालवून बघितलं असतं तर थेंबही गळला नसता. वर गेल्यावर, गरम झाल्यावर, ती फाटकी सरकली असती आणि ऑइलनं वाट काढली असती.

मी प्लग तळहातावर ठेवून पास्कलसमोर धरला.

त्यानं बघितलं. माझ्याकडं नाही, प्लगकडंच बघत राहिला. मग हळू म्हणाला, "हे मी केलं?"

झालं असं होतं की मी यायच्या आत माझं काम उरकायचं म्हणून त्यानं स्वतःचं घाईघाईनं केलं होतं. माझं केलं जीव लावून आणि आपलं केलं उडतउडत. मी आजपर्यंत खूप चुका बघितल्या. आळशाच्या, झोपाळू माणसाच्या, शहाण्या माणसाच्या. पण चांगुलपणाची अशी चूक ती एकच.

पास्कल बू जासिमला म्हणाला, "बू जासिम, इंग्रजाला सांगायचं का?"

"मैं बोलेगा," बू जासिम म्हणाला. "छुपाएगा तो हम तीनो एक आदमी."

तो गेला आणि त्या लाल इंग्रजाशी बोलला. आम्हाला लांबून नुसती टोपी हलताना दिसली. मला समोर मॉरिशस बुडताना दिसत होतं. जुलेखाला जाऊन काय सांगू? इंग्रज आमच्याकडं आला, दोन रिंगांचा प्लग हातात घेऊन बघितला. मग त्यानं विचारलं, सही करायला नाही कोण म्हणालं? बू जासिमनं माझ्याकडं बोट केलं. मला वाटलं आता काही बोलेल. त्यानं मान हलवली, प्लग परत दिला आणि पुन्हा पंखाच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. असा माणूस. त्याच्या बायकोचं कसं होत असेल कोण जाणे.

विमान उशिरा गेलं, पण नीट गेलं आणि नीट आलं. पास्कलला ताकीद मिळाली. आणि पास्कल माझ्याशी बोलायचा बंद झाला. शिफ्टला यायचा, डावं करायचा, जायचा. गाणं बंद. डबा एकटा खायचा. हात मागं केला तर त्यात पाना येईना.

घरी मी जुलेखाला म्हटलं, "चूक त्याची. मी बरोबर होतो."

"होतात," ती म्हणाली. "विमान वाचवलात तुमी. पण बोलायची काय ती रीत? नाही म्हणे विश्वास. तो तुमचा काम करून ठेवतो नि तुमी त्याला चोरासारखा उभा करता."

"मग काय, मी माफी मागू?"

"तुमच्याकडनं माफी कोण मागतोय? ती तुमाला येत नाय. डबा धरा तेवढा."

तिनं सांदणं केली होती, आणि कोलंबीचं कालवण. आम्ही झिंजला गेलो. डबा माझ्या हातात, ती पुढं. सिसिलनं दार उघडलं, बघून हसली आणि आत बघून ओरडली, "पास्कल, उजवं इंजिन आलंय."

पास्कल बाहेर आला. माझ्याकडं न बघता जुलेखाला म्हणाला, "या वहिनी, बसा."

जुलेखा बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "भाऊ, मला एकच विचारायचाय. विमान सुरू झाला तर मी जाणार हाय माझ्या बहिणीकडं. सीट कुठली घेऊ?"

"कुठलीही घ्या," पास्कल म्हणाला, "उजवीकडची घ्या. तिकडं इब्राचं काम आहे, ते चोख असतं."

"नाय," जुलेखा म्हणाली. "मी डाव्या खिडकीत बसणार. तुमच्या बाजूला. वाटभर त्याच्याकडं बघत जाणार. यांना सांगून ठेवलाय."

मला काही सांगून ठेवलं नव्हतं. पास्कलनं खाली बघितलं, मग हातानं तोंड पुसलं. मग डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्याकडं पहिल्यांदा बघून म्हणाला, "कोलंबी तूच सोललीस ना? शेपट्या राहिल्यात." जेवताना तो गायला. सिसिल म्हणाली, आठ दिवस घर कसं शांत होतं.

परवानगी आली. त्या लाल इंग्रजानं त्याच्या कागदात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. बू जासिम एवढंच म्हणाला, की चूक झाली म्हणून त्यानं नापास केलं नाही, चूक जमिनीवर सापडली म्हणून पास केलं.

पहिल्या विमानाच्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं हजर. डावं त्यानं केलं, उजवं मी. मग न सांगता तो माझ्या बाजूला आला, मी त्याच्या बाजूला गेलो. हात न लावता, नुसतं बघायला. मी त्याच्या इंजिनाकडं बघत बराच वेळ उभा राहिलो. वर डाव्या खिडकीत जुलेखा. निळा दुपट्टा, नाक काचेला टेकलेलं. तिनं मला हात केला नाही, इंजिनाकडं बोट दाखवून विचारल्यासारखी मान हलवली. पास्कल मागून आला, त्यानं अंगठा वर केला. मग ती मागं टेकून बसली.

त्या दिवशी आम्ही दोघांनी जेवण घेतलं नाही. संध्याकाळी ऑफिसात निरोप आला, उतरलं. बू जासिमनं विचारलं, ऑइल कितना पिया? डाव्या-उजव्याचा आकडा जवळजवळ सारखाच. पास्कल मला म्हणाला, "तुझं थोडं जास्त प्यालं." मी म्हटलं, गप.

दुसऱ्या दिवशी जुलेखाचा फोन आला. लाइनमध्ये खरखर, मागं कोंबडा.

"बुबूला दिसलीस का?"

"दिसले. दोन्ही हातांनी तोंड धरून खिडकीत नेला मला, उजेडात. खूप वेळ बघितला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जुलू, तू म्हातारी झालीस ग." आणि ती इतकी हसली की मला पैसे संपेपर्यंत पुढचं काही ऐकू आलं नाही.

परत आली ती एक नियम घेऊन आली. म्हणाली, विमानाला जो हाय तो घराला का नको? गॅस बंद करायचा मी, बघायचा तुमी. दाराची कडी लावायची तुमी, बघायची मी. आमची मुलगी शमीम तेव्हा कॉलेजात होती, ती म्हणायची, अब्बा, अम्मी, यू आर टू मच. पण नियम चालला. हूऱ्यात चालला, नोकरी संपवून गावी आलो तरी चालला. झोपण्याआधी ती कडी हलवून बघायची आणि म्हणायची, "लागली हाय." मी गॅसचा नॉब फिरवून बघायचो आणि म्हणायचो, "बंद हाय." लोक एकमेकांना खुदा हाफिज म्हणतात, आम्ही हे म्हणायचो.

ती गेल्यावर हे सगळं माझ्यावर आलं. मी गॅस बंद करतो. मग बघतो. मग बाहेर येतो, मग परत जाऊन बघतो. कडीचंही तसंच. शमीम आता परदेशात आहे, ती म्हणते, अब्बा, इंडक्शन घ्या, त्याला गॅस लागत नाही. तिला कसं सांगू की प्रश्न गॅसचा नाही. एकाच हातानं दोनदा बघितलं म्हणजे दोनदा बघितलं असं होत नाही, हे मला बू जासिमनं शिकवलं होतं.

एकदा हे मी पास्कलला फोनवर सांगितलं. तो आता वसईला असतो, गुडघे गेलेत, आवाज मात्र तसाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माझा स्वयंपाक होतो त्या वेळेला, त्याचा फोन आला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"हात लावून बघितलास की लांबून?"

मी म्हटलं, लांबून. खोटं बोलून उपयोग नव्हता, त्याला कळलं असतं. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, नॉब हातानं फिरवून बघितला.

"बंद हाय."

"कडी?"

"ती झोपताना लावतो. आत्ता दार उघडंच असतं."

"मग झोपताना मिस्ड कॉल दे."

मागनं सिसिल ओरडत होती, त्याला विचार काय जेवला ते. पास्कलनं तिला गप्प केलं आणि मला म्हणाला, "ठीक. माझी सही झाली. जेव आता."

तेव्हापासून त्याचा फोन रोज येतो. काल शुक्रवार होता, मला वाटलं विसरेल. नाही विसरला.